पिशवीत काय भरलंय ते पिशवीवर छापा : पॉटिंग मिक्सच्या उत्पादकांना खुलं पत्र

पॉटिंग मिक्स, कुंडीमाती, कोकोपीट आणि कंपोस्ट पिशव्यांत भरून विकणाऱ्या सर्व उत्पादकांना,

सप्रेम नमस्कार.

मी घरच्या घरी कुंड्यांमध्ये झाडं लावते. जमिनीचा तुकडा नाही, त्यामुळे माती विकतच आणावी लागते. गेली बरीच वर्षं तुमच्यापैकी अनेकांच्या पिशव्या मी वापरते आहे. त्या शेजारी शेजारी उघडून पाहते, एकाच पाकिटातल्या बिया दोन्हींत पेरते, टिपणं ठेवते. ओळखीचे लोक विचारतात, "कुठलं मिक्स घेऊ?" त्यांना छातीठोक उत्तर देता यावं एवढाच त्यामागचा हेतू. पण ते उत्तर देता येत नाही. ज्या पिशवीला चांगलं म्हणावं तीच पुढच्या खेपेला वेगळी निघते, आणि दुकानात उभं राहून दोन पिशव्यांची तुलना करावी तर त्यांच्यावर तुलना करण्याजोगं काही लिहिलेलंच नसतं. आत काय आहे, किती लिटर आहे, कधी भरलं, क्षार किती आणि खत किती दिवस पुरेल, एवढं पिशवीवर छापा, ही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

जमिनीतल्या झाडाला एका जागची माती मानवली नाही तर मुळं बाजूला वळतात, खोल जातात. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही. तुम्ही जे भरून दिलंत त्यातच त्याला श्वास घ्यायचा, पाणी शोधायचं आणि अन्न मिळवायचं. कुंडीला पाणी घातलं की जास्तीचं पाणी खालून निघून जातं, पण तळाशी एक थर ओलाच राहतो. मिश्रण जितकं बारीक, तितका हा थर उंच. तळाला खडे घातले म्हणून तो जात नाही, खड्यांच्या वर सरकतो. म्हणजे कुंडीचा निचरा कणांच्या आकारावर ठरतो, आणि कण किती बारीक चाळायचे, त्यात परलाइट (तापवून फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे हलके दाणे) किंवा जाड वाळू किती घालायची, हे ठरवता तुम्ही. पाणी घालणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी पिठासारखं बारीक मिश्रण उथळ कुंडीत मुळं कुजवणारच.

आणि झाड मेलं की दोष आमच्याकडे येतो. "माझ्या हाताला झाडंच लागत नाहीत" असं म्हणून रिकाम्या कुंड्या माळ्यावर टाकून दिलेली माणसं मला ठाऊक आहेत. त्यांनी पाणी वेळेवर घातलं होतं, ऊन बघून कुंडीची जागा ठरवली होती. रोपं पिवळी पडली तेव्हा त्यांच्या मनात पिशवीबद्दल शंकासुद्धा आली नाही, कारण पिशवीवर हिरवंगार रोप छापलेलं होतं आणि शेजारी 'पोषणमूल्यांनी समृद्ध' असं लिहिलेलं होतं. मला या गोष्टीचं खरोखर वाईट वाटतं. पहिल्यांदाच बी पेरणाऱ्या माणसाचा उत्साह असा विझू नये.

दोन पिशव्यांचं उदाहरण देते. उत्पादक एकच, नाव एकच, पिशवीवरचं चित्रही एकच. खरेदीत काही महिन्यांचं अंतर. पहिलीतलं मिश्रण तपकिरी, हलकं, मुठीत दाबून सोडलं की पुन्हा फुलून येणारं. त्यात परलाइटचे पांढरे कण दिसत होते आणि वास पावसानंतरच्या मातीचा होता. दुसरी पिशवी उचलतानाच जड लागली. आतलं मिश्रण काळंभोर आणि चिकट. मूठ उघडली तरी गोळा तसाच. त्यात बोटाएवढ्या काटक्या, अर्धवट कुजलेल्या लाकडाच्या ढलप्या, निळ्या प्लॅस्टिकची एक चिंधी आणि काचेचा एक बोथट तुकडा निघाला. वास आंबूस. दोन्हींत एकाच दिवशी टोमॅटो पेरला. पहिलीतली रोपं गडद हिरवी आणि ठेंगणी, जाड देठाची झाली. दुसरीत बऱ्याच बिया उगवल्याच नाहीत, आणि ज्या उगवल्या त्यांची खालची पानं आधी पिवळी पडली. उत्पादकाला कळवलं तर उत्तर आलं की माल नैसर्गिक असल्यामुळे थोडाफार फरक असायचाच.

खालची पानं आधी पिवळी पडणं ही नत्र कमी पडल्याची खूण आहे, आणि ती लाकडाकडे बोट दाखवते. लाकडाचा भुसा, कच्ची साल, काटक्या यांत कर्ब भरपूर आणि नत्र अगदी नगण्य. भुशात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे काहीशे भाग असतात. नीट मुरलेल्या कंपोस्टमध्ये हे प्रमाण वीसास एकच्या आसपास किंवा त्याहून खाली येतं. कच्चं लाकूड कुंडीत गेलं की ते कुजवणारे जिवाणू आणि बुरशी स्वतःच्या वाढीसाठी आजूबाजूचं नत्र ओढून घेतात आणि रोपाच्या वाट्याला काही उरत नाही. शिवाय ते कुजत जातं तशी माती बसते, आणि काठोकाठ भरलेली कुंडी हंगाम संपेपर्यंत चांगलीच रिकामी दिसायला लागते. लाकडाला माझा विरोध नाही. नीट मुरवलेली साल आणि प्रक्रिया केलेला लाकडाचा तंतू उत्तम निचरा देतात, आणि दलदलींतून उपसलेल्या पीटवरचं (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरावरचं) अवलंबन कमी करायचं तर ते वापरावेही लागतील. पीटचा थर दलदलीत वर्षाला साधारण एक मिलिमीटरने वाढतो आणि पीटच्या जमिनींनी जगातल्या सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कर्ब धरून ठेवला आहे. तो उपसून कुंड्या भरणं मला पटत नाही. पण लाकूड घातलं असेल तर किती घातलं आणि ते किती मुरवलं, हे आम्हाला कळलं पाहिजे. कळलं तर पहिल्या आठवड्यापासून नत्र द्यायचं की नाही हे आम्ही ठरवू शकतो.

कोकोपीटची गोष्ट वेगळी आहे, पण दडवादडवी तशीच. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा हा भुगा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो, वर्षभर बसत नाही, आणि वाळला तरी पीटपेक्षा लवकर भिजतो. बी रुजवायला यासारखं साधन विरळा. मात्र त्यात मुळातच पोटॅश आणि मीठ असतं, आणि सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवली असतील तर मिठाचा अंश आणखी वाढतो. गोड्या पाण्याने नीट धुतलं की यातला पाण्यात सुटणारा भाग जातो. कणांना घट्ट धरून बसलेला सोडियम आणि पोटॅश काढायला कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवावं लागतं. हे केलं नाही तर तोच भुगा आपण दिलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतो, आणि नवी पानं वेडीवाकडी किंवा करपलेल्या कडांची येतात. न धुतलेला, नुसता धुतलेला आणि कॅल्शियमची प्रक्रिया केलेला असे तीन माल बाजारात आहेत आणि तिन्हींवर 'शुद्ध कोकोपीट' एवढंच लिहिलेलं असतं. डोळ्यांनी ते वेगळे ओळखता येत नाहीत.

क्षार मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मी घरी करते ते असं : एक वाटी मिश्रण, पाच वाट्या शुद्ध पाणी, नीट ढवळून अर्धा तास ठेवायचं, फडक्याने गाळायचं आणि गाळलेल्या पाण्यात विद्युत वाहकता मोजणारा खिशातला मीटर बुडवायचा. चांगल्या धुतलेल्या कोकोपीटचा आकडा साधारण ०.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर किंवा त्याखाली येतो. धुतलेलं नसेल तर तो कितीतरी वर जातो, आणि त्यात पेरलेलं नाजूक बी उगवतच नाही किंवा उगवून लगेच करपतं. तुमच्या कारखान्यात हे मीटर असतातच. मोठ्या रोपवाटिका तुमच्याकडून माल घेतात तेव्हा प्रत्येक खेपेचा हा आकडा मागतात आणि तुम्ही तो देताही. मग तोच आकडा छोट्या पिशवीवर का येत नाही? सामूचंही (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचा आकडा) तेच. बहुतेक कुंडीतल्या झाडांना ५.५ ते ६.५ सामू मानवतो. हिरव्या कचऱ्याचं कंपोस्ट बऱ्याचदा याच्या बरंच वर असतं आणि क्षारही जास्त बाळगतं, म्हणून ते मिश्रणात एखादा हिस्सा म्हणून चांगलं, नुसतं भरून बी पेरायला वाईट. हे सांगणारी ओळ मी तरी अजून एकाही पिशवीवर वाचलेली नाही.

आता वजनाबद्दल. कुंडी आकारमानाने भरते, किलोने भरत नाही. दहा लिटरची कुंडी भरायला किती पिशव्या घ्यायच्या हे किलोवरून सांगता येत नाही, कारण ओलं कोकोपीट वजनाला बहुतांश पाणीच असतं आणि वाळू मिसळलेलं मिश्रण कोरडं असलं तरी जड. माल किलोवर विकला जातो तेव्हा तो ओला ठेवण्यात विकणाऱ्याचा फायदा असतो. सगळे तसं करतात असं मी म्हणत नाही. पण ग्राहकाला ते तपासता येत नाही, ही गोष्ट प्रामाणिक उत्पादकालाही मारक आहे. लिटर मोजण्यात अडचण आहे, वाहतुकीत माल दबतो, हे मान्य. त्यावर उपाय केव्हाच सापडलेला आहे. युरोपात ईएन १२५८० या मानकानुसार माल ठरावीक मापाच्या भांड्यात मोकळा पडू देऊन त्याची घनता काढतात आणि पिशवीच्या वजनावरून लिटर ठरवतात. वजन आणि लिटर दोन्ही छापा, म्हणजे माल किती ओला किंवा किती जड आहे याचा अंदाजही ग्राहकाला आपोआप येईल.

तारीख हा मुद्दा कुणी फारसा बोलत नाही, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. मिश्रणात हळूहळू सुटणाऱ्या खताचे दाणे घातलेले असतील तर ते ओल आणि उष्णता मिळाली की सुटायला लागतात, मग पिशवी शिवलेली असो की उघडी. दुकानाबाहेर उन्हात महिनोन् महिने पडलेल्या पिशवीत हे खत आतल्या आत साठत राहतं. ती पिशवी आणून त्यात बी पेरलं की पहिल्याच दिवशी मुळांना खारट पाणी मिळतं, आणि ज्या सहा महिन्यांच्या पोषणाची हमी पिशवीवर असते त्यातले बरेच महिने दुकानातच संपलेले असतात. खताचे दाणे नसले तरी ओली, हवाबंद, उन्हात तापलेली पिशवी आंबते आणि अमोनियाचा किंवा सडका वास मारते. भरल्याची तारीख दिसली तर आम्ही मागे ठेवलेली ताजी पिशवी मागून घेऊ, आणि दुकानदारही माल सावलीत ठेवायला लागेल.

याउलट, पिशवीच्या दर्शनी भागावर बोनमील (हाडांचा चुरा), समुद्री शेवाळाचा अर्क, मायकोरायझा आणि ट्रायकोडर्मा (झाडाला उपयोगी बुरशी) अशी नावं ठळक अक्षरांत असतात. यातलं प्रत्येक किती घातलं ते लिहिलेलं नसतं. शंभर लिटरमध्ये चिमूटभर घातलं तरी नाव छापता येतं, आणि सजीव बुरशी बंद पिशवीच्या उकाड्यात किती दिवस तग धरते हा प्रश्न तर कुणी काढतच नाही. उरलेला सगळा भाग, म्हणजे पिशवीतलं जवळजवळ सगळंच, कशाचं बनलंय ते कुठेच नसतं.

सूत्र उघड केलं तर धंदा बसेल, अशी भीती तुम्हाला वाटत असेल. तिला इतिहासाने दिलेलं उत्तर आहे. ब्रिटनमधल्या जॉन इनेस संस्थेत १९३०च्या दशकात आनुवंशिकीच्या प्रयोगांसाठी वाढवलेली प्रिम्युला या फुलझाडाची रोपं मोठ्या प्रमाणावर मरत होती, कारण प्रत्येक माळ्याची कुंडीमाती वेगळी. विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी कित्येक मिश्रणं करून पाहिली आणि शेवटी थोडीच ठेवली : रोपं वाढवायला आकारमानाने सात भाग निर्जंतुक पोयटा, तीन भाग पीट, दोन भाग जाड वाळू, बी पेरायला दोन भाग पोयटा, एक भाग पीट, एक भाग वाळू. त्यात खत किती घालायचं हेही ठरवून दिलं, आणि खताची मात्रा एकपट, दुप्पट की तिप्पट यावरून मिश्रणाला एक, दोन, तीन असे क्रमांक दिले. संस्थेने ही सूत्रं सरळ प्रसिद्ध केली. स्वतः विक्री केली नाही. त्यावर कित्येक उत्पादकांनी पिढ्यान् पिढ्या धंदा केला आणि आजही करतात. पिशवीवरचा एक आकडा वाचून माळ्याला कळतं की हे कोवळ्या रोपाला द्यायचं की मोठ्या, खादाड झाडाला. सूत्र माहीत असूनही लोक पिशवी विकतच घेतात, कारण पोयटा निर्जंतुक करणं, चाळणं आणि मोजून मिसळणं हे कष्ट कुणालाही घरी नको असतात. तुमचा धंदा त्या कष्टांचा आहे.

ऑस्ट्रेलियात एएस ३७४३ हे पॉटिंग मिक्सचं मानक आहे. त्यात साधं आणि प्रीमियम असे दोन दर्जे आहेत, आणि प्रीमियम म्हटलं की किमान पहिला महिना वेगळं खत न घालता झाड वाढलं पाहिजे. म्हणजे 'प्रीमियम' हा शब्द तिथे तपासता येतो. तिथल्या पिशव्यांवर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे आरोग्याचा इशारा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण ऑस्ट्रेलियात न्यूमोनियासारख्या आजाराचे रुग्ण आढळले आणि त्यामागचा लिजिओनेला लाँगबीची हा जिवाणू पॉटिंग मिक्समध्ये सापडला. म्हणून पिशवी मोकळ्या हवेत, तोंडापासून लांब धरून उघडा, धूळ उडू नये म्हणून मिश्रण ओलं करून घ्या, मास्क लावा, काम झाल्यावर हात धुवा, हे तिथे छापलेलं असतं. घरातल्या बंद बाल्कनीत कुंड्या भरणारी बरीच मंडळी वयस्कर असतात. त्यांच्यासाठी या चार ओळी तुम्ही उद्यापासून छापू शकता, त्याला कुठलीही चाचणी लागत नाही.

एका चाचणीची मात्र मी आग्रहाने विनंती करते, कारण तिच्या अभावी होणारं नुकसान ग्राहकाला कधीच उलगडत नाही. अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड ही कुरणांवर रुंद पानाचं तण मारायला वापरली जाणारी तणनाशकं. ती गवतातून जनावराच्या पोटात जातात, न विघटता शेणात उतरतात आणि कंपोस्टच्या ढिगातही बराच काळ टिकतात. ब्रिटनमध्ये २००८ साली असं शेणखत वापरलेल्या कित्येक परसबागांमधले टोमॅटो, बटाटे आणि घेवडे वाकडेतिकडे झाले आणि अमिनोपायरॅलिडची विक्री काही काळ थांबवावी लागली. अब्जात काही भाग एवढा अंशही घेवड्याला आणि टोमॅटोला पुरतो. पानं पेल्यासारखी वळतात, शेंडा नेच्याच्या कोंबासारखा गुंडाळतो. बघणाऱ्याला वाटतं विषाणूचा रोग आहे, आणि तो झाड उपटून नवं रोप त्याच मातीत लावतो. हे ओळखायला घेवड्याच्या बिया पुरेशा आहेत. प्रत्येक खेपेतल्या मालाच्या काही कुंड्या आणि खात्रीच्या मिश्रणाच्या काही कुंड्या शेजारी ठेवायच्या, दोन्हींत घेवडा पेरायचा, आणि दोन-तीन आठवड्यांनी खरी पानं सरळ येतात की वळतात ते पाहायचं. तेवढे दिवस माल गोदामात थांबवणं तुम्हाला जड जाणार नाही. पिशवीत शेणखत किंवा कंपोस्ट असेल तर 'घेवडा पेरून तपासलेलं' ही ओळ वाचून मी ती पिशवी दुसऱ्या कुठल्याही पिशवीआधी उचलेन.

निचऱ्याचा आकडाही तुम्हाला सहज काढता येईल. भोकं चिकटपट्टीने बंद केलेली, लिटरभर मावणारी कुंडी मिश्रणाने भरा, हळूहळू पाणी सोडत ते पृष्ठभागावर चमकेपर्यंत मुरवा, मग पट्टी काढून खाली गळलेलं पाणी मापात धरा. दीडशे-दोनशे मिलिलिटर गळलं तर मुळांना पुरेशी हवा आहे. पन्नासच्या आत गळलं तर ते मिश्रण उथळ कुंडीसाठी नाही, आणि तसं पिशवीवर लिहायला हरकत नसावी. मी वापरलेल्या पिशव्यांमध्ये या एका चाचणीत जेवढा फरक दिसला तेवढा इतर कशातही दिसला नाही. नाव आणि चित्र बघून मात्र तो कधीच ओळखता आला नसता.

नैसर्गिक मालात फरक असतोच, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. साल प्रत्येक झाडाची वेगळी, शेण प्रत्येक मोसमात वेगळं. म्हणूनच तर खेपेचा क्रमांक आणि त्या खेपेचे आकडे हवेत. कच्चा माल बदलला आणि कोकोपीटच्या जागी लाकडाचा तंतू आला तर पिशवीवर 'घटक बदलले आहेत' एवढं छापा. आम्ही पाणी आणि खत त्याप्रमाणे बदलू. लाकूडतंतूचं मिश्रण वरून लवकर वाळलेलं दिसतं आणि आत ओलंच असतं. हे माहीत नसलेला माणूस पाणी घालत राहतो आणि रोप बुडवतो.

छपाईचा खर्च वाढेल, चाचण्यांचा वाढेल, तेव्हा पिशवी थोडी महाग झाली तरी मी ती घेईन. माझ्यासारखे पुष्कळ जण घेतील, कारण मेलेल्या रोपांचा, वाया गेलेल्या बियांचा आणि हातातून गेलेल्या हंगामाचा खर्च आम्ही आजही करतोच आहोत. सगळं एकदम जमणार नसेल तर पुढच्या छपाईत लिटर, भरल्याची तारीख आणि घटकांची आकारमानाने टक्केवारी एवढ्या तीन गोष्टी घ्या. क्षार, सामू आणि खत किती दिवस पुरेल हे त्यानंतरच्या छपाईत येऊ द्या. ज्या उत्पादकांच्या पिशव्यांवर हे दिसेल त्यांचं मिश्रण मी इतरांच्या शेजारी ठेवून पेरणार आहे आणि जे उगवेल ते विचारणाऱ्या प्रत्येकाला जसंच्या तसं सांगणार आहे.

उत्तराची वाट पाहते. कळावे.

आपली,
कुंड्यांत बाग करणारी एक ग्राहक